आइस हॉकीच्या चषकावर कराड

आयर्लंडच्या राष्ट्रीय आइस हॉकी चषकावर माझं नाव कोरलेलं आहे. बर्फावर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, इथल्या टॅला उपनगरातल्या आमच्या घरासमोर, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना. त्यातही 'उभा राहिलो' हे जरा ओढूनताणूनच.

खेळते ती माझी बायको. वैदेही आठवडाभर हॉस्पिटलात लोकांना भूल देते आणि रविवारी गोलकीपर होऊन रबराच्या चकतीचा मार खाते. आमच्या जवळपास आइस रिंक नाही, ही किरकोळ बाब तिच्या महिला संघाने कधी मनावर घेतली नाही. बर्फ बेलफास्टला आहे, म्हणून सगळ्या जणी डेक्लनच्या व्हॅनमधून बेलफास्टला जातात. डेक्लन त्यांचा कोच. दोन्ही गुडघे गेलेले, शिट्टी मात्र शाबूत. वीस वर्षं त्याने ही व्हॅन हाकली आणि वीस वर्षं संघ न चुकता हरला. गेला मोसम त्याचा शेवटचा होता. "कपावर नाव न लागताच मी जाणार," असं तो भेटेल त्याला सांगायचा. (क्लबमध्ये मलाही पद आहे. ओल्या मोज्यांची बॅग गाडीतून उचलून घरात आणणे.)

आणि त्याच मोसमात त्या जिंकल्या. शेवटचा गोल वैदेहीने अडवला, म्हणून चषक आठवडाभर आमच्या घरी मुक्कामाला आला.

तेव्हा कराडहून आई आली होती. आमचं कराडात भांड्यांचं दुकान, त्यामुळे आईला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसतात : भांडी आणि इतर. तिने चषकावर टिचकी मारली.

"आत पितळ हाय. वरनं मुलामा."

मग तिची नजर बुडाभोवतीच्या चकचकीत पट्ट्यांवर गेली. त्यांवर माजी विजेत्यांची नावं होती. एकच संघ लागोपाठ पाच वेळा, मग दुसरा, आणि एका वर्षापुढे चक्क 'स्पर्धा झाली नाही' असंही प्रामाणिकपणे कोरलेलं.

"आरं, एवढ्या जनांची नावं. मग भांडं नक्की कुनाचं?"

"कुणाचंच नाही आई. दर वर्षी जिंकेल त्याच्या घरी जातं."

"म्हंजी भिशी."

राष्ट्रीय स्पर्धेची इतकी सोपी व्याख्या मी आजवर ऐकली नव्हती.

शनिवारी क्लबचं जेवण होतं. सकाळी वैदेही ड्यूटीला निघाली असताना तिच्या कॅप्टनचा, म्हणजे मेवचा, व्हॉइस मेसेज आला. बुटाची लेस बांधता बांधता वैदेहीने तो स्पीकरवर लावला. "वैदेही, एकच पट्टी उरलीये. त्यावर आपल्या टीमचं नाव टाका आणि खाली युअर मॅनचं. ही'ड बी ओन्ली थ्रिल्ड, हरखून जाईल."

"ऐकलंस ना?" वैदेही मला म्हणाली. "मेव सांगतेय तसं कर. मला उशीर झालाय." आणि गेली.

आता, 'युअर मॅन' म्हणजे आयरिश बोलण्यात 'तो माणूस', 'तो आपला हा', हे मला माहीत नव्हतं असं नाही. आठ वर्षं इथल्या कारखान्यात दिवसातून चाळीस वेळा ऐकतोय. 'प्रेस' म्हणजे कपाट, हे मी त्याच सकाळी आईला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. पण स्वतःचं कौतुक कानावर पडलं की माझं इंग्रजी थेट पाचवीत जातं. युअर मॅन, तुझा नवरा. बॅग उचलण्याची अखेर कुणीतरी दखल घेतली होती.

कोरायची सोय घरातच होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमचा कुकर बदलला गेला होता, म्हणून येताना आईने दुकानातली नावं घालायची मशीन सोबत आणली होती आणि आल्या दिवसापासून घरातला चमचान्‌चमचा नावाचा केला होता. मी लहानपणापासून ती मशीन चालवत आलोय. संघाचं नाव घातलं, मग माझं.

"नुसतं मिलिंद?" आई म्हणाली. "बापाचं नाव घाल. आडनाव घाल. गाव घाल, न्हाई तर भांडं परत कसं येनार?"

सोफ्यावरून आमच्या लेकीने, सईने, मान वर केली. "बाबा, आर यू शुअर?"

"शंभर टक्के."

"ग्रँड," ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. आयरिश पोरं 'ग्रँड', म्हणजे 'ठीक आहे', या सुरात म्हणाली की थांबायचं असतं, हे मला आता कळतं.

संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये मेवने चषकावरचं फडकं काढलं आणि चषक डेक्लनच्या हातात दिला. "वाच," ती म्हणाली. डेक्लनने चष्मा लावला. तो मोठ्याने वाचू लागला, "मिलिंद... दत्ता... दत्तात्रय... शेवाळे. कराड."

टाळी फक्त आईने वाजवली.

"युअर मॅन म्हणजे डेक्लन होता," वैदेही माझ्या कानाशी म्हणाली. भूल देण्याआधी ती पेशंटशी याच आवाजात बोलत असणार. डेक्लन हसायचा प्रयत्न करत होता आणि ते बघवत नव्हतं. त्याने वीस वर्षं वाट पाहिलेली, चषकावरची शेवटची पट्टी मी खाल्ली होती. मला खरोखर लाज वाटली.

आईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, चषक मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून पट्टी पाहिली.

"तुझ्या नावाच्या वर बोटभर जागा हाय. खाली बी हाय. एवढं काय त्यात?" तिने पिशवीतून मशीन काढली. (मसालेभाताचं पातेलं आणलं होतं. परक्या ठिकाणी ती मशीनशिवाय पातेलं नेत नाही.) "त्याला इचार, बापाचं नाव काय?"

मी विचारलं. डेक्लन म्हणाला, "पॅडी. मला स्केटिंग त्यांनीच शिकवलं." आणि चष्मा काढून पुसत बसला.

हॉलमध्ये टर्रर्र आवाज घुमला. आई सांगेल तसं मी कोरलं. दुकानात हजारो भांड्यांवर घातलेला तोच मजकूर, फक्त इंग्रजीत. आता त्या पट्टीवर संघाच्या नावाखाली असं आहे : 'डेक्लन पॅडी यांस, मिलिंद दत्तात्रय शेवाळे, कराड, यांजकडून सप्रेम भेट.'

राष्ट्रीय चषक मी डेक्लनला आहेर केला. डेक्लनने आईला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा पदर त्याच्या शिट्टीत अडकला.

यंदा दुसरा संघ जिंकला. त्यांची कॅप्टन माजी विजेते वाचता वाचता आमच्या पट्टीपाशी थबकली आणि मला फार आदराने म्हणाली, "मिलिंद म्हणजे तुम्हीच? कुठल्या पोझिशनला खेळायचात?"

मी छाती काढून तोंड उघडलं, पण वैदेही आधी बोलली.

"बॅग."