आष्टीच्या बाईचा पोशाख

परीक्षेच्या निबंधासाठी आष्टी गाठणारी नागपूरच्या चित्रकलेच्या वर्गातली मी पहिलीच असेन! साल ऐंशीच्या आसपासचं. विषय मात्र युरोपचा: चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, गावोगावच्या बायकांच्या पोशाखांची चित्रं. एका गावाची एक बाई. व्हेनिसची उंचच उंच खडावांवर तोल सांभाळणारी, दुसरी गळ्याभोवती ताटाएवढी चुणीदार कॉलर मिरवणारी. बायका तेव्हा अश्शाच राहायच्या, असा माझा ठाम दावा. सर म्हणाले, "आधी एक बाई स्वतः बघून काढ. नाहीतर निबंध परत." म्हणजे वर्ष गेलंच की!

मैत्रीण मंदा आष्टीची. दोघी पॅसेंजरने वर्ध्याला आणि तिथून आर्वीवरून एसटीने निघालो. बाजाराच्या दिवशी जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, नंतर टोपल्यांनाच जागा मिळते. तिकीट तेव्हा चिल्लरीत भागायचं. आर्वीच्या स्टँडवर गरम मुंगवडे आणि तळलेली मिरची खाल्ली, आणि हसता हसता असा ठसका लागला की कंडक्टरने पाणी दिलं.

बाजारात मंदाची वहिनी वावरातली वांगी विकत होती. पदर कमरेला खोचलेला, लुगड्याला माती. मी काढायला बसले, तर तिने कागदावर हातच ठेवला.

"अशी काऊन काढून राह्यली वं मले? लोकं म्हणतीन, आष्टीच्या बाया अशाच राह्यतेत!"

"पण वहिनी, रोज अशाच असता ना तुम्ही?"

"रोजचं कोन काढते? बाजार उठला का घरी येजो."

घरी गेलो तर अंगणात अख्खी गल्ली! वहिनी हिरव्या रेशमी लुगड्यात, ते जावेचं. नथ शेजारणीची, पुतळ्यांची माळ मामेसासूची. प्रत्येकीची नजर आपापल्या दागिन्यावर.

"माही नथ बारीक काढली वं!"

"मान वर कर, माळ दिसू दे माही!"

वहिनी हसू दाबत ताठ उभी. मलाही हसू आवरेना. माझा दावा मात्र जावेच्या त्या लुगड्यापुढे आडवा झाला होता!

नागपूरला येऊन निबंधाचं पहिलं पान फाडलं. नव्याने लिहिलं, की जगाने आपल्याला कशात बघावं असं बायकांना वाटायचं, ते या चित्रांत दिसतं. रोजचं लुगडं त्यांत शोधू नये. सरांनी निबंध ठेवून घेतला, आणि मी व्हरांड्यातच उडी मारली.

आजही ती व्हेनिसची बाई पुस्तकात समोर आली, की तिच्या गळ्यातले टपोरे मोती बघून विचारावंसं वाटतं, "खरं सांग वं माय, कोनाचे आणले?"