माझ्या नावाची पांढरी गाडी

"कारवाल्या मॅडम कोण आहेत?"

पोलीस ठाण्यातल्या बाबूनं ओरडून विचारलं तेव्हा बाकावर आम्ही सात-आठ जण होतो. कोणी उठलं नाही. मीही नाही. मग त्यानं कागद वर धरून नाव वाचलं. माझं नाव. नवऱ्याच्या नावासकट, गावासकट.

मी उठले. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. चपलेचा पट्टा तारेनं बांधलेला होता.

"चारचाकीच्या मालकीणबाई एसटीनं आल्या का जी?"

बाक हसला. हवालदार हसला. दाखल्यासाठी आलेला एक कॉलेजचा पोरगा तर तोंडावर रुमाल धरून हसला.

मी पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केला होता. आमचं गाव दवनीवाड्याच्या रस्त्याला. या वेळी जागा बायांसाठी राखीव निघाली. मी दहावी पास. वय त्रेचाळीस, आणि पंचेचाळीसनंतर अर्ज करता येत नाही. लेखी परीक्षेत गावातून पहिली आले. राहिला होता फक्त चारित्र्याचा दाखला.

"तुम्हाले शिक्षा झाली आहे बाई," बाबू म्हणाला. "गाडी नो पार्किंगमधी उभी केली. दंड भरला नाही, केस कोर्टात गेली. तुम्ही गुन्हा कबूल केला. निकाल लागून दोन वर्षं झाले. अन् अर्जात लिहून दिलं का माझ्यावर एकही केस नाही. म्हणजे खोटं लिहिलं."

"मले सायकल बी येत नाही साहेब."

"मंग डायरेक कारच शिकले असान," मागून कोणीतरी बोललं. पुन्हा हसू.

त्यानं गाडीचा नंबर वाचला. शेवटचे चार आकडे मी ऐकले. ती गाडी मी ओळखत होते.

गोंदियात एका राइस मिलवाल्याच्या घरी मी अठरा वर्षं भांडी-झाडू केलं. माझा बाप त्यांच्या बापाकडे सालगडी होता. नवरा त्यांच्याच मिलमध्ये पोती उचलायचा. पांढरी गाडी त्या घराची. बाजारातल्या त्यांच्या कापड दुकानासमोर दिवसभर उभी असायची, नो पार्किंगच्या पाटीला खेटून. पाटी लावणाऱ्यांनाही माहीत होतं की ती पाटी त्यांच्यासाठी नाही.

त्या गाडीत मी एकदाच बसले. काचेचा जग हातात फुटला, तळवा चिरला, रक्त थांबेना. मालकीण ड्रायव्हरला म्हणाली, "दवाखान्यात सोडून दे तिले. पहले सीटवर बारदाना टाक. रक्ताचा डाग निघत नाही."

ड्रायव्हरनं धानाचं रिकामं पोतं अंथरलं. मी त्यावर बसले. "हात खिडकीबाहेर धर," तो म्हणाला. मी धरला. रस्त्यावरचे लोक बघत होते. सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं भांडी घासली.

त्या दिवशीही ती गाडी कागदावर माझीच होती.

कशी झाली? पाडव्याला झाली. त्या घरची रीत अशी की साल पाडव्याला सुरू होतं. सगळे गडी-बाया अंगणात रांगेनं उभे राहतात. ओसरीवर टेबल. डाव्या बाजूला साड्या आणि धोतरं, उजव्या बाजूला कागद. आधी सही, मग साडी. माझा बाप अंगठा उठवायचा आणि ओसरीला हात लावून पाया पडायचा. मी सही करायची. सुंदर सही. शाळेत घोटलेली. दरवर्षी दोन-तीन कागद असायचे. कशाचे, हे कोणी विचारत नव्हतं. विचारणं म्हणजे मालकावर भरोसा नाही असं म्हणणं. आणि तसं म्हटल्यावर साल राहत नाही.

बाप वाचू शकत नव्हता. मी वाचू शकत होते. वाचलं नाही. हे मी कोणावर ढकलत नाही.

कोर्टातून निकालाची नक्कल काढली. सोबत एक पत्र होतं. टाइप केलेलं. 'मी सदर वाहनाची मालक असून वाहन मीच उभे केले होते. मला गुन्हा कबूल आहे. कामामुळे हजर राहू शकत नाही.' खाली माझी सही, पाडव्यालाच घेतलेली. कोर्टाचं समन्स मालकाच्या पत्त्यावर गेलेलं, कारण गाडीच्या कागदांवर माझा पत्ता म्हणून त्यांचंच घर लिहिलेलं. माझ्या नावाचा लिफाफा त्यांनी फोडला, माझ्या नावानं उत्तर दिलं, माझ्या नावानं दंड भरला. मी तेव्हा आत त्यांची ताटं घासत असेन.

कागद घेऊन दुपारी मालकाच्या घरी गेले. मालक ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मालकीण झोपाळ्यावर.

"काऊन वो, आज एवढ्या उशिरा?"

मी नक्कल पुढं धरली. त्यांनी वाचली नाही. वाचायची गरज नव्हती.

"अरे, इतनी सी बात. टॅक्सचं काम होतं म्हणून तुझ्या नावावर टाकली गाडी. विश्वासाच्या माणसाच्याच नावावर टाकतेत ना?"

"माझा दाखला अडकला मालक."

"कायचा दाखला?"

सांगितलं. ते मालकिणीकडं वळले. "ऐकलं का? आपली भांडेवाली पाटलीण होऊन राहिली. उद्या मलेच ठाण्यात बोलावन."

मालकीण झोपाळा थांबवून म्हणाली, "पाटलीण झाल्यावर भांडे सकाळी घासशील का सायंकाळी? वेळ सांगून ठेव बाई."

नळाजवळ दुसऱ्या दोन बाया कपडे धूत होत्या. त्याही हसल्या. हसणं त्यांच्या कामातच येतं. मीही वर्षानुवर्षं तशीच हसले होते.

मग मालक उठले, आतून एक कागद आणला, पेन आणलं. आवाज एकदम मऊ.

"एक फोन करतो, दाखला भेटते तुले. तू फक्त इथं सही कर. गाडी पोराच्या नावावर करून टाकू. झंझट खतम."

मी कागद हातात घेतला. आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. मोठ्यानं.

"आता वाचत बसशील का?" मालकीण.

मी थांबले नाही. 'सदर वाहन मी स्वखुशीने विकत असून मला पूर्ण किंमत मिळाली आहे.' इथं आले. 'या वाहनासंबंधी मागील सर्व गुन्हे व दंड यांची जबाबदारी माझी राहील.' ही ओळ दोनदा वाचली. नळाजवळचं आपटणं बंद झालं होतं.

"सही कर," मालक म्हणाले.

"नाही करत."

"काय?"

"नाही करत. गाडी मी उभी केली नाही. गुन्हा मी केला नाही. हे मी कोर्टात सांगीन."

"अठरा साड्या नेल्या या घरच्या," मालकीण ओरडली. "लाज नाही वाटत?"

"वाटते ना," मी म्हणाले. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मिलच्या फाटकावरूनच परत पाठवलं. तो घरी आला, डबा न उघडता ठेवला आणि म्हणाला, "एक सही करून टाकली असती तं मेली असती का?" चार दिवस त्यानं मला हाक मारली नाही. पोलीस पाटलाची जागा यादीतल्या दुसऱ्या बाईला गेली. गावात मला आता 'कारवाली' म्हणतात. दुकानात गेले की पोरं हॉर्न वाजवल्यासारखा आवाज काढतात.

निकालाविरुद्ध अर्ज लिहून देणाऱ्या वकीलबाईंनी आधीच बजावलं. "तुम्ही खरं सांगाल तर तुम्हालाही विचारतील, न वाचता इतक्या सह्या कशा केल्या? त्याचा त्रास तुम्हालाही होईल."

होऊ दे. मी उत्तर पाठ केलेलं नाही, पण मला ते माहीत आहे. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही, एवढा गुन्हा माझा. तो मी कबूल करीन, माझ्या तोंडानं, उभी राहून. बाकीचा त्यांचा. तो मी माझ्या अंगावर ठेवून घेणार नाही.

पांढरी गाडी मालकाच्या अंगणात उभी आहे. माझ्या सहीशिवाय ती कोणाच्या नावावर होत नाही, विकली जात नाही. मालकानं तीनदा माणूस पाठवला. एकदा साडी घेऊन. मी साडी त्यांच्या घराच्या फाटकावर टांगून आले.

कोर्टाची तारीख आली आहे. सकाळच्या पहिल्या एसटीनं जाणार. चपलेला तार तीच आहे.