मी सांगितलेला साप

आमच्या डोंगरातल्या बंद सोन्याच्या खाणीपर्यंतची वाट इतकी सोपी आहे, की बागियो शहरातून येणारी ऑफिसातली पोरं चपला घालून चढतात आणि वर पोचली की एव्हरेस्ट सर केल्यासारखे फोटो काढतात. जायला दीड तास, यायला एक. मी त्यांचा वाटाड्या. भुयाराच्या तोंडाशी त्यांना देल्फिन कितोंगानची गोष्ट सांगतो, म्हणजे गेल्या रविवारपर्यंत सांगत होतो.

देल्फिन माझा जोडीदार. बुटका, तोंडाचा फटकळ, हातोडीचा पक्का. दगड जिभेने ओला करून, उन्हात धरून सोनं आहे की नाही सांगायचा. दहातल्या आठ वेळा बरोबर. उशिरा येणाऱ्याला शिव्या घालायचा, पण डब्यातली रताळी आधी त्याच्याच पुढे करायचा. उशिरा येणारा बहुधा मीच असे. कंपनी निघून गेल्यावर आम्ही दोघं तिच्या जुन्या भुयारात उरलंसुरलं फोडायचो.

खाणीच्या वाटेवर साप आडवा गेला, तर आमच्याकडे सगळ्यांनी माघारी फिरायचं असतं. ज्याने पाहिला त्याला कोणी उलट विचारत नाही. मी नेमका त्याचाच फायदा घेतला. त्या दिवशी पलीकडच्या गावात लग्नाचा नाच होता आणि तिथे एक मुलगी येणार होती. देल्फिन नेहमीसारखा माझ्याआधी पोचलेला. मी तोंड पाडून म्हणालो, साप आडवा गेला.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि डोक्याला तेल काय सापाने लावून दिलं?"

मला हसू फुटलं. तोही हसला.

"जा, नाच जा. तुझ्या वाटणीचं मी फोडतो."

दुपारी छत खाली आलं. तो आतच राहिला.

मी नाचातून धावत आलो तेव्हा सगळं गाव जमलं होतं. त्याची बायको सुसिंग, आठवा महिना लागलेली, मला विचारत होती, तू बाहेर कसा? मी म्हणालो, साप आडवा गेला होता, मी फिरलो, त्याने ऐकलं नाही. तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी शकुन ओळखणारा शहाणा झालो आणि देल्फिन लोभी ठरला. नवं भुयार खोदायचं तर म्हातारेसुद्धा मला विचारायला येतात. सुसिंगला मी मानांग, म्हणजे ताई म्हणतो; ती घरी डुक्कर कापलं की माझा वाटा न चुकता पाठवते. लाज वाटते, तरी मी तो खातो. बावीस वर्षं खातोय.

गेल्या रविवारच्या पाच जणींत देल्फिनची मुलगी जोविलिन होती. बागियोत नोकरी करते, मैत्रिणींना गाव दाखवायला आणलं होतं. त्या दिवशी गोष्ट गाळायची असं मी ठरवलं होतं. पण वर पोचल्यावर एकीने विचारलंच, इथे कोणी मेलं का. जोविलिननेच सगळं सांगितलं, हसत हसत, अगदी माझ्याच शब्दांत.

"माझा बाप," ती शेवटी म्हणाली. "पोटातल्या पोरीपेक्षा दगड प्यारे होते त्याला."

मी तिला बाजूला घेतलं.

"साप नव्हता, पोरी."

"म्हणजे?"

"मला नाचाला जायचं होतं. त्याने ते ओळखलं. माझ्या वाटणीचं फोडायला गेला तो आत."

तिने भुयाराकडे बघितलं. मग आईला ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो.

"मग आजच सांगायचं, अंकल. मी नाही सांगणार. तुम्ही."

उतरताना ती माझ्यापुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही. मैत्रिणींना गाडीत बसवून दिलं आणि मला घरी घेऊन गेली.

मानांग सुसिंग चुलीपाशी होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तेलासकट. तिने भात खाली उतरवला, हात पुसले.

"बावीस वर्षं मी त्याच्या नावाने थुंकले," ती म्हणाली. "आणि तुला वाटा पाठवला."

तिने मुलीला तीन ताटं घ्यायला सांगितलं. जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला आमच्याकडे कोणी उपाशी पाठवत नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिसऱ्या ताटापुढे बसायला वाकलो.

"ते त्याचं आहे," मानांग म्हणाली.