केळीच्या गाभ्याचा रस

जोडवी बोटांत रुतायला लागली तेव्हा मी सोनाराला दोष दिला. लहान केली असणार मेल्यानं, म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी पाय सुजत, सकाळी उतरत. जन्मभर कुंभकोणमच्या एका शाळेत फळ्यापुढं उभी राहून गणित शिकवलेल्या बाईचे पाय सुजायचेच, त्यात काय एवढं? लघवीला फेस यायचा, तोही मी न्हाणीघरातल्या नव्या साबणावर खपवला. दुसऱ्यांच्या पोरांच्या चुकांभोवती लाल गोल काढणारी मी, स्वतःच्या बाबतीत मात्र ठार अडाणी.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या तपासणीत रक्तदाब इतका निघाला, की नर्सनं खात्रीसाठी दुसरं मशीन आणलं. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीतून प्रोटीन जातंय. ऑपरेशन राहिलं बाजूला आणि माझी रवानगी किडनीच्या डॉक्टरांकडे झाली.

डॉक्टर तरुण होते. तमिळमध्ये हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, किडन्या बऱ्याच वर्षांपासून थकत आल्यात. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते राखायचं." मीठ कमी, रक्तदाबाची गोळी रोज, गुडघेदुखीच्या गोळ्या कायमच्या बंद, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. तेव्हाही असंच घसरत असेल तर डायलिसिसची तयारी करावी लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला गाडीत घालून नेताना मी बघत होते. सरळ सांगते, मला भीती वाटली.

आमचे हे घाबरले की कामाला लागतात. आमच्या गावात किडनी म्हटली की लोकांना एकच आठवतं, मुतखडा. आणि मुतखड्यावर औषध एकच, केळीच्या खोडाचा गाभा. कावेरीकाठी केळीला काय तोटा? दूधवाल्यानं सांगितलं, देवळातल्या फुलवालीनं सांगितलं, झालं. हे रोज पहाटे स्कूटर काढून जवळच्या इन्नंबूरला एका ओळखीच्याच्या बागेत जायचे. ज्या माणसाला आपल्याच घरात विळी कुठं ठेवतात ते ठाऊक नव्हतं, तो गाभ्याच्या चकत्या करायचा, सुटणारे दोरे बोटाला गुंडाळून काढायचा आणि रस गाळून मोठा पितळी पेला माझ्यापुढं धरायचा.

"नाक दाब आणि पी. आतनं स्वच्छ धुऊन निघेल सगळं."

मी प्यायले. महिनाभर, एक दिवस न चुकता.

मग एका सकाळी पायांतलं बळच गेलं. छातीत धडधड, मध्येच ठोका चुकल्यासारखा. रक्त तपासलं तर पोटॅशियम भलतंच चढलेलं. दवाखान्यात दाखल केलं, छातीला तारा लावल्या. खाण्यात काय असतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ह्यांनी मोठ्या अभिमानानं रसाचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सर, तो रस खड्यासाठी देतात. अम्मांना खडा नाही. थकलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि त्या रसात तेच भरपूर असतं. उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं."

तिसऱ्या दिवशी घरी आलो. तेव्हापासून ह्यांचं बोलणंच आटलं. भाज्यांतलं पोटॅशियम निघून जावं म्हणून त्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायला सांगितलं होतं. ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. लोणच्याची बरणी, पापडाचा डबा, सगळं वरच्या फळीवर गेलं. बिनमिठाच्या आमटीवरून मी चांगली चिडायचे, भांडण उकरून काढायचे, पण हे खाली मान घालून भाज्या चिरत राहायचे. रुसलेत, रुसू देत, असं मी म्हणायचे.

तीन महिने झाले, रक्त दिलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. रक्तदाब ताब्यात, पोटॅशियम ठीक, क्रिएटिनिन होतं तिथंच. "अम्मा, डायलिसिसचं आता डोक्यातून काढा. असंच सांभाळलंत तर बरीच वर्षं निघतील." खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरून घेतल्यासारखं झालं मला. नुसती हसत बसले.

आम्ही घरात मराठी आणि घराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ बोलतो, पिढ्यान्‌पिढ्या. तरी हे डॉक्टरांना चक्क मराठीत म्हणाले, "म्हणजे माझ्या रसानं हिची किडनी गेली नाही ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी ते तमिळमध्ये सांगितलं.

"नाही सर," ते म्हणाले. "किडन्या आधीच थकल्या होत्या. रसानं पोटॅशियम चढलं, ते उतरलं."

ह्यांनी रुमालात तोंड लपवलं. दोन महिने हा माणूस हे उरात घेऊन भाज्या उकळत होता, आणि मी त्याला रुसका म्हणत होते.

बाहेर पायऱ्यांवर बसलो तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर छापलेलं होतं, विचारल्याशिवाय कुठलंही घरगुती औषध घेऊ नये. मी ते वाचलं होतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही करायचं थांबवलं असतं," मी म्हटलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी पहाटे उठलात ते तेव्हाच."