भाऊजींचे बर्फावरचे हातमोजे

समस्त ठाणे जिल्ह्यातील, त्यातही कल्याण-डोंबिवलीतील सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात आमच्या भाऊजींच्या उजव्या हाताची तर्जनी संकटात सापडली होती. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. बोट जागेवर आहे, शाबूत आहे. पण ते वाचवण्यासाठी कल्याणचा बाजार, मानपाड्याची एमआयडीसी आणि ठाण्यातलं एक चकचकीत दुकान पालथं घालावं लागलं, आणि त्या कामी प्रस्तुत लेखकाला दोन रविवार भर दुपारी मासा व्हावं लागलं. म्हणून हे निवेदन.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. डोंबिवलीत राहतात, मानपाड्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, आणि बोलण्याच्या बाबतीत तर त्याच्याही आधी निवृत्त झाले. त्यांना नाद एकच, गळाचा. सुट्टी मिळाली की शहाडला उल्हास नदीच्या काठावर जाऊन बसायचं. काठी नाही, रीळ नाही. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, उजव्या तर्जनीवरून पाण्यात सोडायची आणि गप्प राहायचं. त्यांचं म्हणणं असं की मासा आमिष एकदम गिळत नाही. आधी ओठ लावून चौकशी करतो. ती चौकशी ज्याच्या बोटाला कळली त्याला मासा मिळतो, बाकीच्यांना नदीची हवा मिळते. मला आजवर भरपूर हवा मिळाली आहे.

माझा भाचाही त्याच काठावर, बापाच्या मांडीला मांडी लावून गळ टाकायला शिकला. आता तो कॅनडात असतो. तिथून त्याने एक व्हिडिओ पाठवला. तळं गोठून मैदान झालेलं, त्याला ड्रिलने भोक पाडलेलं, आणि त्या भोकात गळ सोडून माणसं बादल्या उपड्या घालून बसलेली. तिकिटं काढलेलीच होती, जानेवारीत ताई-भाऊजी त्याच्याकडे जाणार होते. भाऊजींनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की ताई म्हणाली, एवढ्या वेळात बर्फ वितळला असता.

पण व्हिडिओच्या खाली भाच्याने एक ओळ लिहिली होती. "बाबा, तुम्ही हीटर लावून गाडीत बसा, मी धरतो, तुम्ही बघा."

भाच्याचं चुकलं म्हणता येत नाही. गेली काही वर्षं भाऊजींची बोटं गारठ्यात पांढरी पडतात, खडूसारखी. फ्रिजमधून कोथिंबीर काढली तरी पडतात. डॉक्टरांनी सांगितलेलं की काळजीचं काही नाही, फक्त हात गरम ठेवा. म्हणून ताईने आणि भाच्याने फोनवर ठराव पास केला: हात गरम राहतील असे मोजे मिळाले तर बर्फावर, नाहीतर गाडीत.

भाऊजी त्या दिवशी जेवताना एकदाच बोलले. "बघा म्हणतो मला," म्हणाले, आणि आमटी ओरपली. नदीवर ज्याला आपण आमिषाची कणीक मळायला शिकवलं, त्याच्या गाडीच्या काचेआडून टाळ्या वाजवायच्या, हे त्यांना आमटीबरोबरही गिळलं जात नव्हतं.

मी तात्काळ संरक्षणमंत्रिपद स्वीकारलं आणि आमची मोहीम निघाली.

पहिला मुक्काम कल्याण. थंडीत रस्त्याकडेला स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडून जाड लोकरीचे मोजे घेतले. भाऊजींनी ते घातले, खिशातून तंगूस काढलं, एक टोक स्वतःच्या तर्जनीवर ठेवलं आणि दुसरं मला देऊन लांब उभं केलं. "मेव्हणे, हळूच ओढा. मासा आहात असं समजून." मी हळूच ओढलं. मधून एक बाई पिशव्या घेऊन चालल्या होत्या, तंगूस त्यांच्या मानेत अडकलं. त्यांनी आम्हाला जे ऐकवलं त्यात आमच्या दोघांच्या वयाचा मुद्दा प्रामुख्याने होता.

दुसरा मुक्काम ठाणे. तिथलं दुकान गिर्यारोहणाच्या सामानाचं. विक्रेती मुलगी फार गोड, तिने विचारलं, सर, कुठला ट्रेक? भाऊजी म्हणाले, मासे. तिने न डगमगता एक काळी जोडी पुढे केली आणि कौतुकाने सांगितलं, यात मोबाईल पण चालतो. भाऊजींनी गंभीरपणे विचारलं, "मासा चालतो का?" तिने आत जाऊन मॅनेजरला विचारलं. मॅनेजरही विचारात पडला. ती जोडी आम्ही घेतली, कारण एवढ्या विचारानंतर न घेता निघणं बरं दिसलं नसतं.

तिसरा मुक्काम मानपाडा. भाऊजींच्या जुन्या सोबत्याचं तिथे कारखान्यांना लागणाऱ्या वस्तूंचं दुकान आहे. त्याने शीतगृहात काम करणारे लोक घालतात ते मोजे काढले. मोजे कसले, उशाच त्या. भाऊजींनी ते घालून कटिंग चहाचा ग्लास उचलायचा प्रयत्न केला. तिसऱ्या प्रयत्नात ग्लास उचलला गेला, पण तो शेजारच्या माणसाचा होता.

मग रविवारी परीक्षा. परीक्षक दोन, अटी दोन. ताईची अट, हात गरम राहिला पाहिजे. भाऊजींची अट, मासा कळला पाहिजे. दोन्हींत पास होईल तो मोजा कॅनडाला जाईल.

सकाळी मी मासळी बाजारात गेलो आणि नेहमीच्या मावशींकडे नुसता बर्फ मागितला. "मासली नको? नुसता बर्फ?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "उपास हाय का कसला?" मी म्हटलं, मासे अजून कॅनडात आहेत. त्यांनी बर्फ दिला आणि शेजारणीकडे बघून कपाळाला बोट लावलं.

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत बर्फाची बादली ठेवली. भाऊजींनी मोजा घालून हात बर्फात खुपसायचा, आत कुकर चढवलेला, शिट्ट्या होईपर्यंत हात बाहेर काढायचा नाही. नंतर लगेच त्याच गार मोज्यातल्या तर्जनीवरून तंगूस खाली सोडायचं. खाली पार्किंगमध्ये दुसऱ्या टोकाला मी. मी जेव्हा हळूच चौकशी करेन तेव्हा त्यांनी वरून "लागला" म्हणायचं.

लोकरीचे मोजे पहिल्या शिट्टीलाच गेले. बर्फाचं पाणी आत शिरलं आणि बोटं पांढरी. मोबाईलवाल्या जोडीत पाणी शिरलं नाही, पण गारठा शिरला. बोटं पांढरी. एवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि वरून लोंबणारी दोरी धरून मी काय करतोय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी मासा आहे. ते म्हणाले, असाल, पण पाहुण्यांच्या गाडीच्या जागेत उभे राहू नका. मी थोडा पोहून बाजूला झालो.

शेवटी शीतगृहाच्या उशा. या मात्र शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी ढिम्म, हात आत उबदार. ताई वरून विजयी मुद्रेने पाहू लागली. मी खालून चौकशी केली. वर शांतता. मी ओढलं. शांतता. मी माझी चप्पल काढून तंगुसाला बांधली, लोंबकळत सोडली, झोके दिले. वर भाऊजी अत्यंत एकाग्रतेने आभाळाकडे बघत होते. अखेर त्यांना कंटाळा आला म्हणून त्यांनी तंगूस वर ओढलं तेव्हा माझी चप्पल बाल्कनीत पोचली. ताई म्हणाली, साफ करून देऊ का?

मी एका चपलेवर वर आलो तेव्हा हसण्याची तयारी करूनच आलो होतो. पण भाऊजी मोजे काढून, घडी घालून बसले होते. जो मोजा गरम ठेवतो त्यात मासा कळत नाही, पातळ मोज्यात हात गरम राहत नाही. "बसतो मी गाडीत," ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की ताईसुद्धा चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

बाल्कनीच्या कोपऱ्यात भाऊजींच्या आई खुर्चीवर बसल्या होत्या. दुपारचा जप चालू होता. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेसाठी असते ती गाईच्या तोंडासारखी शिवलेली लोकरी पिशवी, तिच्यात. ओठ हलत होते, डोळे मिटलेले, आणि पिशवीच्या आत एकेक मणी बोटावरून पुढे सरकत होता. बाहेरून फक्त कापडाची हालचाल दिसायची.

भाऊजी बघत राहिले. मग उठले, आईसमोर उकिडवे बसले. मेरुमणी येईपर्यंत आई बोलायच्या नाहीत, म्हणून आम्ही सगळेच थांबलो. त्यांनी डोळे उघडल्यावर भाऊजींनी विचारलं, "आई, आत मणी कळतो?"

"न कळायला काय झालं? बोटं उघडी असतात आत."

"आणि गार नाही पडत?"

"पाचही बोटं एका घरात आहेत. गार कशाने पडतील?" मग त्यांनी लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या चेहऱ्यावर काय उजाडलंय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी गोमुखी छातीशी धरली. "ही मिळायची नाही. ही देवाची आहे. माशांची वेगळी शिवा."

झालं. त्या दिवसापासून घरात शिवणकामाचा कारखाना सुरू झाला. ताईने मशीन काढलं. आतून जुन्या लोकरी शालीचं दुहेरी अस्तर, बाहेरून भाच्याच्या शाळेतल्या रेनकोटचं कापड, मनगटाला घट्ट इलॅस्टिक. खाली टोकाला एक बारीक भोक ठेवलं, तिथून तंगूस बाहेर. आत उघडा हात, पाचही बोटं एकत्र. आई खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. त्यांच्या मते ताईची शिवण तिरकी होती, ताईच्या मते खुर्ची तिरकी होती. मासा गळाला लागल्यावर हात बाहेर काढावा लागेल, हा प्रश्न मी मांडला. आईंनी तो निकाली काढला: तेवढा वेळ माणसाला थंडी वाजत नाही. डाव्या हाताला शीतगृहाची उशीच ठरली. डाव्या हाताला फक्त गरम राहायचं होतं, अक्कल लागणार नव्हती.

पुढच्या रविवारी अंतिम परीक्षा. बातमी फुटलेली. खाली पार्किंगमध्ये माझ्याभोवती अर्धी सोसायटी जमली होती, सेक्रेटरींनी स्वतः पाहुण्यांच्या जागेतली गाडी हलवून माझ्यासाठी तळं मोकळं केलं होतं. वर फोन उभा करून ठेवलेला, त्यात भाचा, कॅनडात अर्धवट झोपेत, खांद्यावर ब्लँकेट. भाऊजींचा हात त्या नव्या पिशवीसकट बर्फात गेला. कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी आपला कुकर बंद केला, घोटाळा नको म्हणून. शेवटची शिट्टी झाली आणि वरून तंगूस सुळकन माझ्यापर्यंत आलं.

मी आजवर इतका हलक्या हाताचा मासा कधी झालो नव्हतो. ओढलंच नाही. दोन बोटांत धरून फक्त श्वास सोडला, एवढंच.

"लागला," भाऊजी वरून म्हणाले.

खाली कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कुणाला पटलंच नाही. मी पुन्हा केलं. नखाने, नुसती टिचकी मारली. "लागला. लहान आहे, सोडून देतो." मग मी काहीच केलं नाही, मुद्दाम, कितीतरी वेळ. वरून काहीच आलं नाही. मग सेक्रेटरींनी माझ्या हातातून तंगूस घेतलं आणि गुपचूप स्पर्श केला. वरून आवाज आला, "हा मासा वेगळा आहे." तेव्हा मात्र पार्किंग दणाणलं.

मी धावत वर गेलो. दारात पोचलो तेव्हा भाऊजी पिशवीतून हात काढत होते, पण फोनमधून भाचा म्हणत होता, "थांबा, बाबा. आईला बघू दे. आई, बोटं बघ." कारण अर्धी परीक्षा अजून बाकी होती, आणि तिचा निकाल देणारी बाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येत होती. भाऊजींनी हात पुढे केला. बोटं गुलाबी होती, पण ताईला नुसतं बघून पटणारं नव्हतं. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. उलटा करून तळवा दाबला. मग गालाला लावून बघितला. सासू खुर्चीत, मुलगा फोनवर, भाऊ दारात, आणि खालून अर्धी सोसायटी माना वर करून कठड्याकडे बघत असलेली. भाऊजींनी श्वास धरलेला, बर्फावर की गाडीत, एवढाच प्रश्न उरलेला. ताईचे डोळे मोठे झाले, आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं:

"अगंबाई, लग्नात भटजींनी हातात दिला तेव्हा पण एवढा गरम नव्हता हो हा हात!"