पाळणाघरातली गाणी आणि मावशींची घालमेल

पाळणाघरवाल्या मावशींचं दुपारभर बूड टेकेना. पोरं झोपली होती, तरी त्या दुपटी उचलत, पुन्हा अंथरत, उगाच दाराशी जाऊन येत.

झालं असं, की सुनेने फोनवर गाणी बनवणारं काहीतरी शोधून दिलं. आपण नुसतं सांगायचं, त्याने चालीसकट गाणं हातात ठेवायचं. मावशींचा गळा म्हणजे फुटका डबा, त्या हरखल्याच. पण कामात चोख बाई. पोर झोपवायचं तर ते कशाला भितं हे आधी ठाऊक हवं, ही त्यांची रीत. म्हणून फोनलाही त्यांनी सगळं सांगितलं: गब्दुल मिक्सरच्या आवाजाला घाबरतो, चिमणीचे आईबाप भांडले की ती दिवसभर अंगठा सोडत नाही. तेही लाडाच्या नव्हे, पोरांच्या खऱ्या नावांनिशी.

दोन गाणी झाली न झाली, तोच फोनने हात वर केले. आजचा फुकट वाटा संपला, उद्या या!

"कंजूष मेला," मावशी करवादल्या. "माझं एवढं ऐकून घेतलं, नि गाणी दोनच?"

सून खालची बारीक अक्षरं वाचायला लागली आणि तिचा चेहरा उतरला. "आई, आपण सांगितलेलं ते कंपनीवाले ठेवून घेतात. पुढे यंत्राला शिकवायलाही वापरतात."

"मग पुसून टाक की!"

"गाणी पुसली. सांगितलेलं पुसलं जातं का, ते कुठे धड लिहिलेलं नाही. पुसा म्हणून मी कंपनीला कळवते. तोवर गप्प बसा, कुणाला कळणार नाही."

गप्प बसणं मावशींना जन्मात जमलं नव्हतं, पण आज बोलायचीही धास्ती. चिमणीच्या आईने घरातलं फक्त त्यांनाच सांगितलं होतं, दाराआड, डोळे पुसत. उद्यापासून तिने पोर आणलंच नाही तर? तिचं पाहून बाकीच्यांनीही?

संध्याकाळी चिमणीची आई घाईघाईने आली. चिमणीला कडेवर घेऊनच मावशींनी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

आईचा चेहरा आक्रसला. "मी तुम्हाला सांगितलं होतं, मावशी. फोनला नाही."

"हो गं बाई. चुकलंच माझं."

तिने पोर घेतलं, पिशवी घेतली. जिना उतरता उतरता थांबली.

"उद्या आणीन. पण घरातलं आता काही सांगायची नाही."

मावशी तिच्यामागोमाग जिन्याच्या तोंडाशी आल्या. तेवढ्यात खालून गब्दुलची आई वर येताना दिसली. मावशींनी घसा खाकरला.