अकराव्या परिच्छेदातला मसाला

बुलढाण्याच्या कोर्टात ज्यांना सगळे नुसते भाऊसाहेब म्हणतात, त्या आमच्या गुरुवर्य वकीलसाहेबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या या गौरव अंकासाठी लिहायला मी लगेच हो म्हणालो आणि पस्तावलो. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझा मूर्खपणा सांगावा लागतो. सांगतो.

वकिलीची नवी सनद घेऊन माझ्या गावाहून, उंद्रीहून, त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते खुर्चीतून उठले. "या वकीलसाहेब," म्हणाले. कोण आलं म्हणून मीच मागे वळून पाहिलं. आपल्याकडे ज्युनिअरला 'काय बे' म्हणण्याची रीत. भाऊसाहेबांनी मला आजवर एकेरी हाक मारलेली नाही.

तिसऱ्याच महिन्यात मोताळ्याच्या कमलबाई आल्या. त्यांचा काळा मसाला पार अकोल्यापर्यंत जायचा. भाजणाऱ्या बाया वेगळ्या, कुटणाऱ्या वेगळ्या, आणि शेवटचं मिश्रण दार लावून एकट्या कमलबाई करत. त्यांच्या मॅनेजरने त्यांच्या वहीचे चोरून फोटो काढले, नोकरी सोडली आणि तोच मसाला स्वतःच्या नावाने काढायच्या तयारीला लागला. "माह्याकडं वीस बाया हायेत जी," कमलबाई म्हणाल्या. "हे गेलं तं त्याइनं कुठी जावं?"

धंद्यातल्या गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही. मॅनेजरने कामावर लागताना सही केलेला करार, आणि विश्वासाने कळलेलं कुणी स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये हे न्यायाचं तत्त्व, एवढ्यावर उभं राहायचं होतं. दावा लिहायचं काम भाऊसाहेबांनी मला दिलं. तो भक्कम व्हावा म्हणून मी बाईंची वही मागून घेतली आणि कोर्टाच्या आवारात, निंबाखाली, टायपिस्टच्या टेबलाशी उभा राहून अकरावा परिच्छेद सांगायला लागलो. धने किती, दगडफूल किती, आधी काय भाजायचं, सगळं खणखणीत आवाजात. आमच्याकडे दावे असेच टाइप करून घेतात. एकदा हे उघड्या कागदावर आलं की ते गुपितच उरत नाही, मग कोर्ट तरी काय राखणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

भाऊसाहेब मागून आले आणि त्यांनी टायपिस्टच्या हातावर हात ठेवला. "वकीलसाहेब, जे वाचवाले आलो, तेच वाटून राह्यलो आपण." त्यांनी समोर बसून परिच्छेद पुसायला लावला.

तिथून ते थेट कमलबाईंकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, माह्या ऑफिसातून चूक झाली. मसाला उघड्यावर बोलल्या गेला. दुसरा वकील पाहाचा असंन तं कागदं आत्ता देतो." मी शेजारीच उभा होतो. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "तुमीच लढा जी."

वही सीलबंद पाकिटात न्यायाधीशांकडे गेली. भाऊसाहेबांनी ती शेवटपर्यंत उघडून पाहिली नाही. समोरचे वकील हसले, "यांनाच मसाला माहीत नाही, आणि हे भांडतात!" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "बाईंकडे वर्षानुवर्षं राबणाऱ्या बायांना तो माहीत नाही, मलाही नाही. आपल्या पक्षकारांना कसा कळला, तेवढं सांगा." मॅनेजरवर मनाई हुकूम निघाला. त्या बाया आजही कामावर आहेत. इतका मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे मला सरळच लिहायचं आहे.

आता जे आजवर बोललो नाही ते. पुसलेला तो परिच्छेद मला तोंडपाठ आहे, आणि भाऊसाहेबांना ते ठाऊक आहे. 'कुणाला सांगू नका' असं त्यांनी मला एकदाही बजावलं नाही. उलट पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्याचे गुप्त कागद माझ्या हातात दिले, "हे तुमच्यापाशी राहू द्या" म्हणाले आणि जेवायला गेले. दर उन्हाळ्यात माझी बायको घरी काळा मसाला करते आणि यंदाही जमला नाही म्हणून हळहळते. काय कमी पडलं ते मला कळतं. मी गुमान जेवतो.

भाऊसाहेब, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या हाताखाली अजून पुष्कळ वर्षं मला असंच गप्प राहायचं आहे.